पौष वद्य द्वितीयेची भरती : कर्द्याच्या पुळणीत रुतलेल्या कॅम्परव्हॅनचं प्रकरण

पुण्याहून निघालेली एक कॅम्परव्हॅन. आत आई-वडील, दोन मुलं आणि आजी. बेत दहा दिवसांचा : ताम्हिणी घाटातून माणगावला उतरायचं, दिवेआगर गाठायचं आणि तिथून सागरी मार्गाने श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बाणकोट खाडी, केळशी, आंजर्ले, हर्णै, कर्दे, दाभोळ, गुहागर, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण करत रेडीला पोचायचं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ही गाडी दापोली तालुक्यात कर्द्याच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, उतरली आणि रात्री सव्वाआठला तिथेच रुतली. पौष वद्य द्वितीया होती. उधाणाची भरती मध्यरात्रीनंतर सव्वाच्या सुमारास लागणार होती.

गाडी दहाच्या आत बाहेर निघाली, कुणाला इजा झाली नाही. पण कोकणात दर हंगामात अशा गाड्या रुततात आणि त्यातल्या काही सकाळी छपरापर्यंत पाण्यात सापडतात. म्हणून हे प्रकरण टप्प्याटप्प्याने उलगडून मांडतो आहोत.

आधी गाडी. टेम्पो ट्रॅव्हलरच्या जातीची, बंद टपाची, डिझेलवर चालणारी, ओढ फक्त मागच्या चाकांना. मागे एकेकच चाक, जोडचाकं नाहीत. लांबी ५.९ मीटर, दोन अक्षांमधलं अंतर ३.३५ मीटर, टपावरच्या सोलर पॅनेलसकट उंची २.९ मीटर. मागे गादी, गादीखाली १२० लिटरची पाण्याची टाकी आणि १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, मागच्या दारावर दोन सायकली. आरसीवर सगळ्या भारासकट परवानगी ३,५०० किलोची. मागच्या चाकांत ६० पीएसआय हवा, म्हणजे डांबरी रस्त्यावर हवी तेवढीच.

संध्याकाळी समुद्र का लांब गेलेला असतो

गाडी पुळणीवर पोचली पावणेसहाला. समोर शंभर-सव्वाशे मीटर रुंद, ओली, कडक पुळण. चाकाचा ठसादेखील जेमतेम उमटत होता. आधीच चार मोटारी उतरलेल्या. अशा वेळी कुणालाही वाटतं, इतकी जागा आहे, इथे काय होणार? नेमकं इथेच पंचांग बघायला हवं होतं.

कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, दुपारी आणि रात्रीही. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी आणि रात्री दीड. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि तेवढीच नंतर. हा हिशोब मुंबईच्या जवळपास बसतो. दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी आधी लागते, म्हणून कर्द्याला दीडच्या ऐवजी सव्वा धरायचा. अर्ध्या-पाऊण तासाची चूक यात राहतेच, आणि मुक्काम ठरवायला तेवढी चालते.

आता हाच हिशोब संध्याकाळला लावून बघा. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढचे दोन-तीन दिवस पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान पडते. म्हणजे सूर्यास्ताला जेव्हा लोक किनाऱ्यावर येतात तेव्हा समुद्र सगळ्यात लांब गेलेला असतो आणि पुळण सगळ्यात रुंद दिसते. तीच तिथी उधाणाची असल्यामुळे रात्री येणारं पाणी पंधरवड्यातलं सगळ्यात वर चढणारं असतं, आणि ते येतं सगळे झोपल्यावर. उधाणाचा जोर बहुधा पौर्णिमेच्या दिवशी नसतो, तो एक-दोन दिवस मागून येतो. द्वितीया म्हणजे ऐन तीच वेळ. त्यात आणखी एक गोष्ट : आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, तर हिवाळ्यात रात्रीची. पौषातल्या चांदण्या रात्री पुळणीवर गाडी लावून झोपायचा बेत म्हणूनच सगळ्यात वाईट. आणि कॅम्परव्हॅन घेऊन कोकणात येणारे नेमका तोच हंगाम आणि तीच रात्र निवडतात.

भरती सहा तास सारख्या चालीने चढत नाही, हेही इथे महत्त्वाचं. एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. पूर्ण ओहोटी सव्वासातला होती. सव्वाआठपर्यंत पाणी जेमतेम बाराव्या हिश्शाने वर आलं होतं, म्हणून कुणाला काही जाणवलं नाही. सव्वानऊ ते सव्वाअकरा या दोन तासांत मात्र निम्मी भरती चढणार होती. पुळणीचा उतार पन्नासास एक असेल, तर पाणी एक मीटर चढताना किनारा पन्नास मीटरने आत सरकतो. चालत्या माणसाला ते कळतं, गाडीत स्वयंपाक करणाऱ्याला कळत नाही.

सव्वाआठ

आठ वाजता घरी निघालेल्या एका ग्रामस्थाने गाडीच्या दारावर थाप मारून सांगितलं, "दादा, आज उधाण आहे, गाडी वर घ्या." चालकाने लगेच ऐकलं, हे बरं झालं. पण उतरताना लक्षात न आलेला पट्टा आता समोर उभा राहिला.

पुळणीचे दोन भाग असतात. खालचा रोज भिजणारा, दाबून बसलेला, कडक. वरचा, रोजच्या भरतीच्या रेघेपासून सुरूच्या बनापर्यंतचा, कोरडा आणि सैल. वाऱ्याने आणलेली बारीक रेती तिथे साचते. कर्द्याला हा वरचा पट्टा गाडीच्या वाटेवर सुमारे २५ मीटर रुंद होता, चढ दहास एक. उतरताना गाडी उताराच्या जोरावर आणि चालत्या वेगात तो ओलांडून गेली होती. परतताना तोच पट्टा चढणीचा. चालकाने दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घातली, सात-आठ मीटरवर वेग मेला, त्याने एक्सलरेटर दाबला आणि मागचं डावं चाक जागच्या जागी फिरलं. तीन सेकंद. पुन्हा पहिला गिअर, पुन्हा चार-पाच सेकंद. तेवढ्यात दोन्ही मागची चाकं निम्मी आत गेली आणि मागच्या अक्षाच्या मधला डिफरन्शियलचा गोळा रेतीवर टेकला. गोळा टेकला की चाकावरचा भार कमी होतो, मग चाक कितीही फिरवा, पकड नाही. इंजिन देत असलेली ताकद तेव्हा फक्त खड्डा खणायला जाते.

ढोबळ आकडे मांडून बघू. डांबरी रस्त्यावर गाडी लोटायला तिच्या वजनाच्या दोन टक्क्यांएवढा जोर पुरतो. सैल रेतीत, रस्त्याच्या हवेवर असलेल्या चाकांना, तो वीस टक्क्यांवर जातो. गाडी ३,६०० किलोची धरली तर ७२० किलो, आणि दहास एक चढासाठी आणखी ३६०. एकूण १,०८० किलोचा जोर हवा. मागच्या चाकांवर भार २,२०० किलोच्या आसपास. कोरड्या रेतीत पकड भाराच्या साधारण चाळीस टक्के, म्हणजे ८८० किलो. गणित २०० किलोंनी तुटीचं. चालक कितीही कुशल असता तरी ही गाडी या स्थितीत तो पट्टा चढली नसती. चूक गाडी चालवण्यात फक्त एवढीच झाली की चाक पहिल्यांदा फिरलं तेव्हाच पाय काढला नाही. पहिल्या तीन सेकंदांत थांबलं तर चाक दहा-बारा सेंटिमीटर रुतलेलं असतं, आणि आलेल्या चाकोरीतून गाडी मागे घेऊन दुसरा विचार करता येतो.

पुढची वीस मिनिटं वाया गेली. आठ-दहा तरुणांनी ढकलून बघितलं. माणूस सैल रेतीत उभा राहून तीस-चाळीस किलोपेक्षा जास्त जोर लावू शकत नाही, त्याचेच पाय सरकतात. मग एका एसयूव्हीने नायलॉनचा दोर बांधून ओढलं. दोर बांधला होता बंपरच्या कंसाला. एसयूव्हीने झटका दिला, कंस वाकला आणि दोर तुटून सपकन मागे आला. कुणाला लागलं नाही हे नशीब. ताणलेला नायलॉन तुटताना साठलेली सगळी ताकद त्याच्या टोकात येते, आणि टोकाला लोखंडी हूक असेल तर माणूस दगावू शकतो. दोर फक्त कारखान्याने दिलेल्या टो हूकला किंवा चॅसीच्या मुख्य लोखंडाला बांधायचा. बंपर, स्प्रिंगचे पाटे, स्टिअरिंगच्या दांड्या यांना कधीच नाही. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाकायचं म्हणजे तुटला तरी खाली पडतो. आणि बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं. हे सांगायला एक माणूस वेगळा लागतो, कारण बघे आपणहून मागे सरत नाहीत.

गाडी कशी निघाली

पावणेनऊला गावातला ट्रॅक्टर बोलावला आणि त्याच्यासोबत पाण्यात आयुष्य गेलेले दोन मच्छीमार आले. त्यांनी आधी गाडीकडे न बघता खाली जाऊन पाणी बघितलं आणि सांगितलं की पहिली लाट चाकाला लागायला सव्वाअकरा होतील. ही वेळ बारा भागांच्या हिशोबाशी जुळते : गाडी त्या रात्रीच्या उधाणाच्या रेघेच्या सहा मीटर खाली होती, तिथे स्थिर पाणी सव्वाबाराला येणार होतं आणि लाटांची जीभ त्याच्या तासभर आधी. पण खरी मुदत त्याहून कमी होती. भरती चढायला लागली की वर पाणी दिसायच्या आधी रेतीच्या पोटातली पाण्याची पातळी वर येते. तशा रेतीवर उभ्या गाडीचं इंजिन थरथरत ठेवलं तर चाकांखालची रेती पातळ होते आणि गाडी बसत जाते. म्हणून हातात दोन तास आहेत असं धरून काम सुरू झालं.

पहिलं काम इंजिन बंद. मग सगळे उतरले, सायकली, खुर्च्या, कपड्यांच्या बॅगा, गॅसची टाकी बाहेर. मग पाण्याची टाकी. टाकीत ९० लिटर स्वच्छ पाणी उरलं होतं. ते नुसतं सोडून न देता बादल्यांनी पुढच्या दोन्ही चाकोऱ्यांवर ओतलं, प्रत्येकी दहा मीटर लांब आणि एक वीत-दीड वीत रुंद पट्ट्यावर. कोरड्या रेतीचे कण एकमेकांवरून घसरतात; ओली रेती एकमेकांना धरून बसते. मुलं किल्ला करताना हेच करतात. नव्वद लिटरमध्ये वरचे पाच-सात सेंटिमीटर भिजले, आणि गाडी ९० किलोंनी हलकी झाली ते वेगळंच.

खणायला दोन फावडी होती. आधी डिफरन्शियलखालची रेती उपसली, आडवं पडून, हाताने. मग चारही चाकांच्या पुढे लांब, हळूहळू चढत जाणारा उतार काढला. रुतलेल्या गाडीत लोक फक्त मागच्या चाकांपुढे खणतात, पण पुढची चाकंही रेतीचा ढीग लोटत असतात. जॅक लावायला पहिल्यांदा तो रेतीतच घुसला. जॅकखाली दीड फूट लांब-रुंद जाड फळी टाकली तेव्हा चाक वर आलं. चाकाखाली माडाच्या झावळ्या अंथरल्या. याची एक रीत आहे : झावळीचा जाड देठ चाकाच्या वाटेला आडवा, पात्यांचा भाग एकमेकांवर चढवून, आणि पहिल्या झावळीचं टोक चाकाच्या खाली दाबून. देठ उभा ठेवला तर चाक त्याच्यावरून घसरतं. गोणपाटही चाललं असतं. घरातलं पायपुसणं मात्र चालत नाही, चाक ते मागे फेकून देतं.

शेवटी हवा. साठवरून अठ्ठावीसवर आणली, चारही चाकांत. हवा निम्मी केली की टायर जमिनीवर जवळजवळ दुप्पट लांबीने टेकतो आणि रेतीत घुसण्याऐवजी तिच्यावरून जातो. हे काम सगळ्यात आधी करता आलं असतं, उतरतानाच. पण हवा काढणारा माणूस पुन्हा भरायची सोय बघतो, आणि गाडीत पंप नव्हता. एवढ्या वजनाची गाडी अठ्ठावीसच्या हवेवर डांबरी रस्त्यावर चालवली तर टायरच्या बाजू तापतात आणि आतून फाटतात. वीस-पंचवीसच्या वर वेग नको आणि अंतर अगदी थोडं. दापोलीपर्यंतच्या वळणावळणाच्या चढावर ते धोक्याचं होतं. ट्रॅक्टरवाल्याच्या घरी पंप निघाला म्हणून प्रश्न सुटला. बॅटरीवर चालणारा चांगला पंप एका मोठ्या टायरला दहा-पंधरा मिनिटं घेतो आणि गाडीचं इंजिन चालू ठेवून, थेट बॅटरीला चिमटे लावूनच चालवायचा. सिगारेट लायटरच्या खोबणीचा फ्यूज एवढा करंट सोसत नाही.

ट्रॅक्टर रेतीत उतरवला नाही. तो बनातल्या घट्ट वाटेवर उभा राहिला आणि तिथून होडीचा जाड दोर तीस मीटर सोडला, थेट टो हूकला. आता गाडीचं वजन माणसं-सामान-पाणी वगळून ३,१५० च्या आसपास, चाकं पसरलेली, वाट भिजलेली. वरचं गणित नव्याने मांडलं तर लागणारा जोर सातशेच्या घरात आणि मागच्या चाकांची पकड त्याच्या बरोबरीची. म्हणजे ट्रॅक्टरला फक्त हात लावायचा होता. ट्रॅक्टरवाल्याने दोर हळूहळू ताणला, झटका नाही. दोर ताठ झाल्यावर चालकाने पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला, चाकं ट्रॅक्टरच्या चालीनेच फिरतील इतपत. नऊ वाजून पन्नास मिनिटांनी गाडी बनात होती. सव्वाअकराला लाट तिच्या खड्ड्यांपर्यंत आली.

त्याच रात्री खड्डे बुजवले, चाकोऱ्या फावड्याने सपाट केल्या. हे सौजन्य म्हणून सांगत नाही. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासविणी या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात आणि त्यासाठी निवडतात तो हाच भरतीच्या रेघेवरचा कोरडा पट्टा. दीड फूट खोल खड्ड्यात शंभरभर अंडी असतात. वरून साडेतीन टनांची गाडी गेली तर काय होईल हे सांगायला नको. पिल्लांना चाकोरीची भिंतही ओलांडता येत नाही, ती त्यातच अडकतात आणि कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जातात. शेजारच्या मंडणगड तालुक्यात वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी कासवांची अंडी राखण्याचं काम उभं केलं, आंजर्ल्यातही ते चालतं. पुळणीवर गाडी उतरवायला मनाई आहे, पोलीस गुन्हे नोंदवतात, तरी लोक उतरतात. मनाईचा फलक भरतीमुळे जितका खरा आहे तितकाच या अंड्यांमुळेही.

वजनकाट्यावर

दुसऱ्या दिवशी गाडी वजनकाट्यावर नेली, टाकी पुन्हा भरून आणि सगळ्यांना बसवून. आधी पुढची चाकं, मग अख्खी गाडी, मग नुसती मागची. एकूण ३,६२० किलो, पुढे १,३९०, मागे २,२३०. परवानगीपेक्षा १२० किलो जास्त, आणि तो सगळा जास्तीचा भार मागे.

याचं कारण गादीखालच्या टाकीत होतं. ती मागच्या अक्षाच्या १.१ मीटर मागे बसवली होती. भरल्यावर तिचं १२० किलो वजन तरफेसारखं काम करतं : मागच्या अक्षावर १२० नाही, १५९ किलो पडतात, आणि पुढचा अक्ष ३९ किलोंनी हलका होतो. सायकलींचंही तसंच. परिणाम फक्त रेतीत दिसत नाही. घाट उतरताना स्टिअरिंग हलकं लागतं, मागचे पाटे बसतात आणि मागचा लोंबता भाग जमिनीच्या जवळ येतो. याच गाडीचा मागचा बंपर दोन दिवसांपूर्वी बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोटीने जाताना जेट्टीच्या उतारावर घासला होता. तेव्हा त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तो पहिला इशारा होता.

उपाय तिथल्या तिथे केले. टाकी यापुढे ५० लिटरच भरायची, कारण कोकणात पाण्याविना रात्र काढावी लागेल इतकं अंतर दोन गावांत नसतं. सायकली दापोलीत एका घरी ठेवल्या. पाण्याचे दोन कॅन आणि अवजारांची पेटी पुढच्या सीटमागे. पुन्हा काटा : एकूण ३,४९०, मागे २,०६०. बॅटऱ्या घरी परतल्यावर बदलायच्या ठरल्या. भरलेल्या दोन ट्यूब्युलरचं वजन शंभर किलोंच्या वर जातं, तेवढीच वापरायला मिळणारी वीज देणारी लिथियमची बॅटरी पाव वजनात येते. आमच्या मते कुठल्याही कॅम्परव्हॅनवर रंग आणि पडदे चढवण्याआधी काट्याची पावती हातात हवी.

पुढचे सहा दिवस

वेळापत्रक तिथीवर बसवलं. पाचवा दिवस तृतीया, भरती दोनच्या सुमारास. दाभोळ–धोपावे फेरी त्यासाठी दुपारी एक-दीडला घेतली. फेरीत चढताना-उतरताना जेट्टीचा उतार आणि बोटीची फळी यांच्यामध्ये कोन पडतो. पाणी जितकं खाली तितका तो तीव्र, आणि लांब मागच्या भागाची गाडी तिथेच घासते. भरतीच्या आसपास हा कोन सगळ्यात सौम्य असतो. ओहोटीत जेट्टीचा उघडा पडलेला भाग शेवाळाने निसरडाही असतो. घासायची शंका असेल तर माणसं आधी उतरवायची, चालण्याच्या वेगाने आणि शक्य तितकं तिरकं घ्यायचं, आणि बोटीवरच्या माणसाच्या हाताच्या खुणेकडे बघायचं, आरशाकडे नाही. तवसाळ–जयगडला हीच रीत पाळली, बंपर लागला नाही.

सहाव्या दिवशी वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी. मूळ बेतात त्या दिवशी गणपतीपुळ्याचा मुक्काम होता. संकष्टीला तिथे गाड्यांची रीघ असते आणि सहा मीटरच्या गाडीला वळायलाही जागा मिळत नाही. मुक्काम अलीकडे मालगुंडला केला आणि दर्शन सकाळी लवकर, रिक्षाने.

मुक्काम आता पुळणीवर नाही, घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, किंवा वाडीत. जागा ठरवताना तीन गोष्टी बघितल्या. पहिली, वाट. कोकणात दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मध्ये नऊ-दहा फूट रस्ता, त्यात डोक्यावर घराघरांना गेलेल्या विजेच्या तारा. सोपी कसोटी अशी की ज्या वाटेने एसटी जाते तिथे ही गाडी जाते. एसटीचा थांबा जिथे संपतो तिथून पुढे आधी पायी जाऊन यायचं. दुसरी, माड. सावलीसाठी माडाखाली गाडी लावायचा मोह होतो, पण पंचेचाळीस-पन्नास फुटांवरून पडणारा दीड-दोन किलोचा नारळ सोलर पॅनेलची काच किंवा टपावरची खिडकी फोडतो, सुकलेली झावळदेखील पुरते. आंब्याखाली लावा, चिकट मोहोर धुता येतो. तिसरी, वारा. दिवसा समुद्रावरून खारे वारे, रात्री जमिनीवरून मतलई वारे. मागचं मोठं दार पूर्वेकडे करून लावलं तर रात्री पंख्याशिवाय झोप लागते. स्वयंपाक संध्याकाळी पूर्वेच्या आडोशाला, नाहीतर पश्चिमेचा वारा शेगडीची ज्योत विझवतो आणि गॅस आत साचतो.

सांडपाण्याचं सोपं निघालं. साधा साबण वापरला तर भांड्यांचं पाणी माडाच्या आळ्यात घालायला घरमालक हरकत घेत नाहीत, न्हाणीचं पाणी तिथेच जातं. संडासाच्या डब्याचं तसं नाही. त्यात निळं रसायन टाकलं असेल तर ते घरच्या शोषखड्ड्यातले जंतू मारतं आणि खड्डा तुंबतो. रसायन न टाकता रोज, विचारून, घरच्या संडासात रिकामा करायचा. सुरूच्या बनात कधीच नाही.

नववा दिवस सप्तमी, तारकर्ली. भरती संध्याकाळी पाचच्या सुमारास, आणि अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी. सूर्यास्ताला पाणी जवळजवळ वरच्या रेघेवर होतं. जे दिसत होतं त्याच्यापेक्षा रात्री फार वर येणार नव्हतं. पुळण अरुंद वाटली, फोटोही तेवढे रुंद आले नाहीत. पण किनाऱ्याच्या गावांतून फिरायचे दिवस निवडायचे असतील तर षष्ठी ते दशमी हेच घ्यावेत.

तीन आठवड्यांनी

खारट रेतीत पोटापर्यंत बसलेल्या गाडीचा हिशोब परतल्यावरही राहतो. दापोलीतच दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्याने खालून धुतली होती : पाटे, ब्रेकचे ड्रम, चॅसीची आतली बाजू, वायरींची जोडणी, प्रत्येकी दहा मिनिटं, नुसत्या नळीच्या पाण्याने. जोराच्या फवाऱ्याने मीठ बेअरिंगच्या सीलमधून आत जातं, म्हणून तो टाळला. डिफरन्शियलचं तेल तेव्हा तपासलं, दुधाळ नव्हतं. म्हणजे पाणी शिरलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी पुण्यात मागचे ड्रम उघडले. डाव्या ड्रममध्ये, लायनर आणि मागच्या पत्र्याच्या बेचक्यात, मूठभर बारीक रेती निघाली आणि हँडब्रेकची केबल तिच्या नळीत गंजून अर्धी धरली होती. लायनरवर दोन खोल चरे पडले होते. केबल बदलली, लायनर घासून बसवले, दोन्ही चाकांचं ग्रीस काढून नवं भरलं. उजव्या बाजूला काही नव्हतं. डावं चाक पहिल्यांदा फिरलं होतं.